कोटेशन

उद्यमबागेत तिसऱ्या गल्लीत, जिथं हवेला
कापलेल्या लोखंडाचा आणि कूलंटच्या दुधाळ पाण्याचा वास,
मेटगुड सावकारांनी माझा कागद
चष्मा न घालताच वाचला.
म्हणजे फक्त खालचा आकडा.

अठरा हजार.
आदल्या रात्री मी तो तीनदा बदलला होता.
पंचवीस लिहिले, तर हात आखडला.
बारा लिहिले, तर राग आला,
कुणाचा ते ठरलं नाही.
लाइट गेली तेव्हा स्क्रीनवर अठरा होते,
तेच राहू दिले.

"एष्ट कडिमी माडती यव्वा?"
मग माझ्या आडनावावर बोट ठेवून मराठीत आले,
"कमी किती करतीस ते सांग की.
माझा नातू मोबाइलवर फुकट करतो म्हणूलाय."

करू दे की, म्हटलं.
बारावी झाली की तो बेंगळूरला जाईल,
मग एक फोन नंबर बदलायचा झाला
तर कुणाला हाक मारणार?

हसले. चहा सांगितला.
लेथवरच्या पोरानं मशीन बंद केलं,
पुढचं ऐकायला.

"पाच पानं. पान मोजून पैसे घेतीस होय?
आणि त्यात भाषा किती?"
इथं मी सावध झाले.
आमच्या गावात हा प्रश्न
दरपत्रकात मावत नाही.
कन्नड, मराठी, इंग्रजी.
"वर कुठली?"
उघडणाऱ्याचा मोबाइल ज्या भाषेत, ती.
"म्हणजे वर-खाली नाहीच?"
नाही.
"हे बरं हाय,"
आणि बशीतला चहा
निवल्यावरही फुंकत राहिले.

मग उठले, मला दाराबाहेर नेलं, मान वर करायला लावली.
पत्र्यावर ऑइलपेंट. मेटगुड इंजिनिअरिंग वर्क्स.
वर कन्नड, खाली मराठी,
कोपऱ्यात मुंगीएवढं: परशराम, वडगाव.
माझा बाप.
सावकारांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं तर.

"शहाण्णव साल. अक्षराला वीस रुपये.
'वर्क्स'मध्ये अक्षरं किती, तूच सांग."
मी बोटं मुडपली. दोन.
"दोनच की! तुझ्या बापानं चार लावली.
र वेगळा, क वेगळा, स वेगळा.
कन्नडात परत तेच.
ऐंशी रुपये गेले माझे."
तेव्हापासून हा माणूस रोज सकाळी
त्या शब्दाखालून कामावर येतोय.

सोळावर तुटलं.
निम्मे आधी, निम्मे साइट चढल्यावर.
फोटो त्यांचे, मजकूर माझा,
दुरुस्त्या दोनदा, तिसरीला पैसे.
डोमेन त्यांच्याच नावावर, हे मीच हट्टानं लिहिलं,
कारण खडेबाजारात एका चपलांच्या दुकानाचं नाव
अजून कुणा पळालेल्या डिझायनरच्या खिशात आहे.
आणि वजा ऐंशी.
पंधरा हजार नऊशे वीस.
त्यांनी सही कन्नडात केली, लफ्फेदार,
एकही अक्षर मोजता येऊ नये अशी.

रात्री बाबांना सांगितलं.
डोळ्यांत थेंब घालून ते आडवे होते,
पाच मिनिटं उघडायचे नसतात.
फ्लेक्स आल्यापासून या हातात ब्रश नाही.
तो मिटल्या डोळ्यांवर हवेत उचलला,
व काढला,
मग अर्धा क, त्याला चिकटवून स,
मनगट वळवून वरती रफार.
"वाचणाऱ्याला दोन," म्हणाले,
"लिहिणाऱ्याला चार."
थेंब कानाकडे ओघळला, तो पुसला.
"बोर्डाचा रंग उडालाय काय गा?"
लाल थोडा, म्हटलं. काळा आहे तसाच.

मग लॅपटॉप घेऊन अंगणात बसले,
आणि पुढच्या वर्षीच्या होस्टिंगच्या ओळीत
ऐंशी रुपये वाढवले.